गिटारीनं दिलेली ओ

माझी आत्या वेल्ह्याला दिली होती. तिच्या यजमानांना मी मामा म्हणायची. तरुणपणी ते मुंबईला गोदीत कामाला होते आणि लग्नसराईत एका बँडपार्टीबरोबर वाजवायला जायचे. मुंबई सोडून गावी आले तेव्हा ट्रंकेबरोबर त्यांनी एक गिटार आणली. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. वेल्ह्यात तोवर कुणी गिटार पाहिली नव्हती. सिनेमात ज्यांनी पाहिली होती त्यांनाही ही ओळखू आली नसती, कारण मामा ती छातीशी धरत नसत. मांडी घालून बसायचे आणि गिटार मांडीवर आडवी, उताणी ठेवायचे. उजव्या हाताच्या बोटांना तार छेडायच्या नख्या घालायचे आणि डाव्या हातात अंगठ्यापेक्षा थोडी लांब अशी पोलादी कांडी धरायचे. तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत. कांडी तारांवर हलकेच टेकवायची आणि सरकवायची. त्यामुळे एक सूर संपला आणि दुसरा सुरू झाला, असं त्या वाद्यात होत नसे. एक सूर दुसऱ्यात ओघळत जाई, माणसाच्या गळ्यात जातो तसा.

मामांनी पहिल्यांदा ती वाजवली तेव्हा शेजारची बाई पदराला हात पुसत दारात आली होती म्हणे. "कोन रडतंय वं तुमच्यात?" तिनं आत्याला विचारलं. आत्या हसून हसून खाली बसली. ही गोष्ट ती माहेरी किकवीला आली की दर वेळी सांगायची.

आत्याची सासू, जिला आम्ही सगळेच आजी म्हणायचो, मोतीबिंदूनं जवळजवळ आंधळी झाली होती. दिवसभर ती पडवीत बसलेली असायची आणि काही हवं असलं की हाक मारायची, "अगंऽऽ". नाव नाही, काही नाही. एका सुरात लांबवलेली हाक. आत्या परसात असो, गोठ्यात असो, नाहीतर ओढ्यावर, तिथून तिची ओ यायची. ती ओ खालच्या सुरात सुरू व्हायची आणि वर चढत जायची, "ओऽऽ?" म्हणजे विचारल्यासारखी. मामांनी ती गिटारीवर बसवली होती. आजीनं हाक मारली की कधी कधी आत्याच्या आधी गिटारच ओ द्यायची. आजी फसायची, आत्या ओरडायची, "माझा घसा काढून त्या खोक्यात घातलाय यांनी," आणि तिघंही हसायची. मी लहानपणापासून ते हसणं ऐकलेलं आहे.

सत्तर सालानंतरच्या एका पावसाळ्यात आत्या तापानं गेली. नसरापूरला दवाखान्यात न्यायचं ठरलं, पण रस्त्यावर दरड आली होती. रस्ता मोकळा व्हायच्या आतच सगळं संपलं. मूलबाळ नव्हतं. माझं शिक्षिकेचं ट्रेनिंग नुकतंच पुरं झालं होतं आणि नोकरीचा अजून पत्ता नव्हता. वडील म्हणाले, "दाजींचं आन म्हातारीचं बघायला कुनी न्हाई. पाऊस सरंस्तोवर जाऊन ऱ्हा."

मी कापूरहोळपर्यंत मिळालेल्या टेम्पोत बसून आणि पुढे एसटीनं वेल्ह्याला गेले. गावावरचा किल्ला दिसतच नव्हता. ढग एवढे खाली उतरले होते की समोरच्या घराचं कौलारू छपरही मधूनच नाहीसं व्हायचं. दुपारी दोन्हीकडची दारं उघडी ठेवली की धुकं एका दारानं घरात यायचं आणि दुसऱ्या दारानं निघून जायचं. चुलीचा धूर कोणता आणि धुकं कोणतं, कळायचं नाही.

घरात मामा बोलतच नव्हते. रस्त्याच्या कामावर ते मुकादम होते. काम असेल त्या दिवशी जायचे, नसेल त्या दिवशी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायचे. गिटार खुंटीला टांगलेली होती, कांडी कोनाड्यात. आजी पडवीत बसून सवयीनं हाक मारायची, "अगंऽऽ". मग तिला आठवायचं. हाकेनंतरची ती शांतता मला सहन व्हायची नाही. मी धावत जाऊन "काय पाहिजे, आजी?" म्हणायची, तर ती मान हलवायची. जेवायला बसली की एक घास घ्यायची आणि दुसरा हातातच राहायचा.

एके दिवशी दुपारी मी पीठ मळत होते. बाहेर धुक्यानं सगळं पांढरं झालं होतं. आजीनं हाक मारली, "अगंऽऽ". आणि आतून ओ आली.

"ओऽऽ?"

माझे हात परातीतच थांबले. आवाज आत्याचा होता. तसाच खालून उचललेला, तसाच शेवटी वर गेलेला. मी मान वळवायला घाबरत होते. वळवली तेव्हा आतल्या खोलीत मामा दिसले, मांडीवर गिटार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडवीतून आजी अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाकरी झाली का गं? भूक लागलीया."

त्या दिवशी आजी पोटभर जेवली.

मग ते रोजचंच झालं. आजी हाक मारायची, गिटार ओ द्यायची. मग आजी बोलायला लागायची: गाय आज दूध चोरतीय, पाऊस लई लागून ऱ्हायलाय, पडवीत कौल गळतंय. मध्ये मध्ये गिटारीचा हुंकार. खालचा सूर म्हणजे "हं". खाली घसरणारा सूर म्हणजे "अगंबाई". मामा कांडी इतकी हळू सरकवायचे की तारेची खरखरही ऐकू यायची नाही. शब्द एकही नसायचा, पण मला शब्द ऐकू यायचे. आत्या अशा वेळी काय म्हणाली असती ते मला ठाऊक होतं, आणि ते कानात आपोआप भरलं जायचं. नुसता आवाजाचा चढउतार मिळाला की माणूस पुरा करायला मन किती उतावीळ असतं, हे मी तिथं पाहिलं.

एकदा आजी म्हणाली, "तिला पन वाढ की. समदी जेवल्यावर एकटीच बसती." मी ताट वाढलं. वाढून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की खरकटी उचलायला मी थांबले आहे, कारण कुणाचं तरी जेवण व्हायचं आहे. ते ताट मी उचलून गाईपुढे ठेवलं.

गावात कुजबुज सुरू झालीच. ज्या बाया संध्याकाळी पडवीत टेकायच्या त्या येईनाशा झाल्या. वरच्या आळीतले एक वयस्कर गृहस्थ छत्री घेऊन दारात आले, आत पाऊल न टाकता म्हणाले, "मुकादम, गेलेल्या बाईचा आवाज येतोय म्हनत्यात लोकं. येखादा जाणता आणून बघा. हाय एक माज्या माहितीत."

मामा म्हणाले, "आमी ते मानत न्हाई, तात्या."

ते खरं होतं. आमच्या दोन्ही घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. देव्हारे उतरले होते, अंगारे-उतारे बंद झाले होते. भूतखेत आहे असं मानायचं नाही, हे मी शाळेतल्या पाढ्यांसारखं शिकले होते. पण धुकं दारातून आत येत असताना आणि आतून आत्याची ओ येत असताना, आपण काय मानतो हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं.

एका दुपारी, निदान दुसरं काहीतरी बोलावं म्हणून, मी मामांना विचारलं, "हे वाजवणं आलं तरी कुठून?"

बऱ्याच दिवसांनी ते सलग बोलले. बँडपार्टीतल्या एका गोव्याच्या म्हाताऱ्यानं त्यांना शिकवलं होतं, आणि शिकवताना गोष्टही सांगितली होती. लांब समुद्रात हवाई नावाची बेटं आहेत. तिथं पूर्वी गिटार नव्हती. तिथल्या राजानं गुरं आवरायला परदेशातून गुराखी बोलावले, त्यांनी आपल्या गिटारी आणल्या. गुराखी गेले, काही गिटारी मागं राहिल्या. बेटावरच्या लोकांनी त्यांच्या तारा आपल्या कानाप्रमाणे सैल करून लावल्या, नुसती छेडली तरी सहाही तारा मिळून एकच भरलेला सूर निघावा अशा. मग तिथला एक शाळकरी पोरगा रेल्वेच्या रुळांवरून गिटार वाजवत चालला होता. त्याला रुळाशी पडलेला बोल्ट सापडला. त्यानं तो तारांवर घासला आणि गिटार गायला लागली.

"पण म्हातारा दुसरंबी सांगायचा," मामा म्हणाले. "तो म्हनायचा, त्या पोराच्या आधी हिंदुस्थानातलं एक पोर गलबतावरनं तिकडं पोचलं होतं. कुनी पळवून न्हेलं होतं त्याला. ते तारांवर लोखंड सरकवून वाजवायचं. आपल्याकडं तशी वीणा असती न्हवं, तशी रीत. खरं-खोटं कुनाला ठाव?"

आजी पडवीतून ऐकत होती. "म्हंजे हितनं गेलं आन माघारी आलं?"

"तसं म्हनत्यात, आई."

"गेलेलं माघारी येतं तर," आजी म्हणाली. तिच्या आवाजात शंका नव्हती, आनंदही नव्हता. मोड आलेले मूग पाहून 'आले हो' म्हणावं तसं ती म्हणाली.

मामांनी कांडी खाली ठेवली. थोड्या वेळानं ते मला बाहेर ओट्यावर घेऊन गेले. पागोळ्यांच्या आवाजात त्यांचं बोलणं मला वाकून ऐकावं लागलं.

"पंचशीलात खोटं बोलायचं न्हाई म्हनून हाय ना?"

"आहे."

"म्या तोंडानं एक शब्द खोटा बोललो न्हाई. पन हातानं रोज बोलतोय. आई जेवती म्हनून बोलतोय. आता तिला वाटाया लागलंय की ती खरंच आलीया."

ती जेवते आहे हेही खरंच होतं. मामा आत गेले, गिटार खुंटीला अडकवली, नख्या आणि कांडी कोनाड्यात मागं सरकवून ठेवली. "आता न्हाई," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आजीच्या हाकेला मीच जात राहिले. ती रागावली नाही. हाका मात्र मारत राहिली. जेवण पुन्हा कमी झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वरच्या वळणावर दरड कोसळली आणि मामा माणसं घेऊन सकाळीच गेले. घरात आजी आणि मी. दुपारी धुकं असं दाट आलं की पडवीतल्या आजीचं लुगडं मला चुलीपासून फक्त अंधुक दिसत होतं. वारा नव्हता. पाऊसही थांबलेला. गोठ्यात गाईचं रवंथही ऐकू येत नव्हतं.

आजीनं हाक मारली. मी तांदूळ निवडत होते, लगेच उठले नाही. तिनं पुन्हा मारली, जास्त लांब, अगदी एका सुरात धरून.

"अगंऽऽऽऽ."

आणि आतल्या खोलीत काहीतरी गुणगुणायला लागलं.

ते काय आहे हे मला लगेच कळलं. सतारीजवळ बोललं तरी तिच्या तारा थरथरतात, हे मी ट्रेनिंगच्या शाळेत पाहिलं होतं. आजीचा सूर गिटारीच्या तारांच्या सुराशी जुळला होता, म्हणून त्या बोलत होत्या. मी स्वतःला तसं सांगितलंसुद्धा. तेवढ्यात ते गुणगुणणं वर चढलं. खालच्या सुरावरून निघालं आणि न तुटता वर गेलं, शेवटी विचारल्यासारखं.

"ओऽऽ?"

सूप माझ्या हातातून पडलं. मी आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. गिटार खुंटीला होती. कांडी कोनाड्यात होती, तिच्यावर बसलेली धूळ मला दिसत होती. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीतून धुकं आत येत होतं. मी पुढं होऊन तारांवर तळहात ठेवला. त्या थरथरत होत्या. माझ्या हाताखाली त्या गप्प झाल्या, आणि थंडगार तारांवर हात ठेवून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले, कारण हात काढायची मला भीती वाटत होती.

"कोन हाय आत?" आजीनं विचारलं.

"मी आहे, आजी."

"तू आता गेलीस. तुझी पावलं ऐकली म्या. त्याच्या आधी कोन व्हतं?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं माझा हात धरला, आणि थंडी कुणाच्या हाताला आहे ते दोघींनाही कळेना.

दिवेलागणीला मामा चिखलानं भरून परतले. मी पाय धुवायला पाणी दिलं. ते टेकायच्या आतच आजी म्हणाली, "हितं ये. माझ्यापशी बस."

ते बसले.

"तू वाजवायचास ते मला पयल्या दिसापासनं ठाव व्हतं," आजी म्हणाली.

मामा तिच्याकडे बघतच राहिले. मीही.

"मग तू बोलायचीस कशाला?" त्यांनी विचारलं.

"तू बोलत नव्हतास. ती गेली तवापासनं तुजं तोंड बंद. म्या म्हनलं, तोंडानं न्हाई तर न्हाई, त्या पेटीनं तरी बोलतोय पोरगा. म्हनून बोलत बसायची, तिचं ताटबी वाढाया सांगितलं. जेवायचीबी म्हनूनच. न्हाईतर मला कुठं भूक व्हती?"

मामांच्या गळ्यातून एक आवाज आला. आत्या गेल्यावर ते रडले नव्हते. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून ते रडले, आणि मी उठून गोठ्यात गेले. पण आजीचं पुढचं बोलणं मला तिथपर्यंत ऐकू आलं.

"पन आज झालं ते तू न्हवं," ती सांगत होती. "तुजी ओ मला कळती. तू वर जाताना मधी इवलासा थांबतोस. ती कवा थांबायची न्हाई. आज कुनी थांबलं न्हाई."

मामांनी मला विचारलं, मी जे ऐकलं ते सांगितलं. ते खुंटीकडे बघत राहिले. आजी म्हणाली, "आता हाक न्हाई मारायची म्या. तिनं ओ दिली, झालं." आणि खरोखर त्या घरात "अगंऽऽ" पुन्हा ऐकू आलं नाही. काही हवं असलं की आजी काठी आपटायची.

पाऊस सरला आणि मला भोरच्या एका शाळेत नोकरी लागली. निघताना मामा गिटार माझ्यापुढं धरून म्हणाले, "ही घिऊन जा. घरात नको वाटती." मी ती एसटीत मांडीवर घेऊन भोरला आणली.

आमच्या शाळेत एक वयस्क संगीत शिक्षक होते, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांनी स्नेहसंमेलनाला वाद्यांचं प्रदर्शन मांडलं. चार टेबलं: तारांची वाद्यं, फुंकून वाजवायची, कातडं मढवलेली आणि टाळ-झांजांसारखी एकमेकांवर आपटायची. माझी गिटार तारांच्या टेबलावर जाणार यात वाद नव्हता. पण ठेवायची कुठं? मी ती सतारीजवळ ठेवली. मास्तरांनी उचलली आणि तंबोरा, वीणा होत्या त्या टोकाला नेली.

"सतारीला पडदे असतात, त्यावर तार दाबतात," ते म्हणाले. "हिच्या गळ्यावर पट्ट्या आहेत खऱ्या, पण तार त्यांना टेकतच नाही. त्या नुसत्या खुणेला. आपल्याकडे फार जुनी एकतारी वीणा होती, तिच्या तारेवर बांबूची कांब सरकवत. पुढं काचेचा गुळगुळीत गोळा तारांवर फिरवून वाजवायची वीणा आली. ही अंगानं गिटार आहे, पण गळ्यानं वीणा."

मी त्यांना मामांनी सांगितलेली गोष्ट सांगितली. "मग मूळ कुठलं म्हणायचं? तिकडचं की इकडचं?"

"बाई, तार आणि घसरणारी वस्तू कुणाच्याही हाती लागू शकते. दोन ठिकाणी दोन माणसांना एकच गोष्ट सुचली असेल. पळवून नेलेल्या पोराची गोष्ट ऐकायला छान आहे, पण वाद्याजवळच्या चिठ्ठीवर मी ती लिहिणार नाही."

सगळे गेल्यावर मी त्यांना वेल्ह्याची दुपार सांगितली. त्यांनी हसण्यावारी नेली नाही. "तारा हाकेला बोलतात," ते म्हणाले. "सारंगीला तरफेच्या तारा त्यासाठीच असतात, न छेडता घुमायला. पावसात खुंटी सैल झाली तर सूर उतरतोही."

"उतरला नाही, मास्तर. चढला."

त्यांनी चष्मा पुसला. "आपोआप चढत नाही," ते म्हणाले. "तुम्ही दमलेल्या होतात." मग तारांवर एक फडकं पसरून ते खोलीचं दार लावायला गेले. मी माझ्या भाड्याच्या खोलीत पुढं पुष्कळदा दार बंद करून गिटारीसमोर तशी हाक मारून पाहिली. तारा बोलायच्या. एकाच सुरात, सरळ, माझा श्वास संपेपर्यंत.

मामा ती गिटार काही वर्षांनी स्वतःच परत घेऊन गेले, आजी अंथरुणाला खिळली तेव्हा. तिनंच मागवली होती. मी सुट्टीत गेले तेव्हा ते तिच्या उशाशी बसले होते. गिटार मांडीवर होती, पण कांडी हातात घ्यायला ते कचरत होते.

"वाजवू का, आई?" त्यांनी विचारलं.

"वाजीव की," आजी म्हणाली. "पन गानं वाजीव. कुनाचा आवाज नगं."

मग त्यांनी पूर्वी लग्नात वाजवायचे त्यातलं एक गाणं वाजवलं, चांगलं ठसक्यातलं. आजीनं पांघरुणावर बोटांनी ताल धरला. दारात शेजारची बाई येऊन उभी राहिली होती, तिला मी आत बोलावलं. ती आली आणि उंबऱ्याच्या आत बसली.